मोठं अक्षर, हललेला रफार

ऑफिसातले सहकारी आणि नात्यातली माणसं मला वरचेवर विचारतात, ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, घेऊ का? एका शब्दात उत्तर देता येत नाही. विचारणारा फक्त इंग्रजी वाचणारा असेल तर मी लगेच "घे" म्हणते. मराठी वाचणारा असेल तर त्याला समोर बसवून बरंच काही सांगावं लागतं. ते सगळं इथे लिहिते.

मी ठाण्याला राहते आणि नोकरीला फोर्टात जाते. सकाळच्या लोकलला लेडीज डब्यात चौथी सीट मिळाली तरी खूप झालं. एरवी एक हात वरच्या कडीला आणि दुसऱ्या हातात मावेल ते. वाचनाची माझी हक्काची वेळ तीच. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून चालू आहे आणि मी तिथली जुनी सभासद. पण वाचनालयातली पुस्तकं पुन्हापुन्हा बांधलेली असतात. दर बांधणीत शिवण आत सरकते, आतला समास नाहीसा होतो आणि ओळीचं शेवटचं अक्षर वाचायला पुस्तक दोन्ही हातांनी फाकवावं लागतं. गर्दीत ते जमत नाही. त्यात पन्नाशी जवळ आली तसा चाळिशीचा नंबर वाढला. जुन्या कादंबऱ्यांचा बारीक टाइप गाडीच्या हेलकाव्यांत वाचताना डोकं धरायला लागलं, तेव्हा मी सहा इंची पडद्याचा ई-रीडर घेतला.

मोबाइलवर कादंबरी वाचायची नाही हे आधीपासून पक्कं होतं. मोबाइलचा पडदा स्वतःच उजळतो आणि तो उजेड थेट डोळ्यांत येतो. ई-रीडरच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण, एकांवर धन भार तर दुसऱ्यांवर ऋण. विजेचा दाब दिला की हवे ते कण वर येतात, आणि नंतर वीज काढून घेतली तरी तिथेच राहतात. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांच्या या कामातून १९९७ मध्ये ई इंक ही कंपनी उभी राहिली. कण जागच्या जागी राहत असल्याने स्थिर पानाला वीज लागतच नाही, ती लागते पान बदलताना आणि दिवा लावला तर दिव्याला. हे दिवे पडद्याच्या कडेला असतात, त्यांचा उजेड पडद्यावर पसरतो आणि तिथून परतून डोळ्यांकडे येतो. उन्हाचंही तसंच, म्हणून भर उन्हात प्लॅटफॉर्मवर अक्षर जास्तच स्वच्छ दिसतं.

वजन २०० ग्रॅमच्या आसपास. पान उलटायला अंगठा पुरतो. त्रास किरकोळ आहेत: मधूनच पान बदलताना पडदा क्षणभर काळा होतो, कधी मागच्या पानाची पुसट सावली राहते, आणि माझ्या यंत्रात रंग नाहीत. आठवडाभरात हे जाणवेनासं झालं. लोकलमधल्या वाचनापुरतं बोलायचं तर कागदाच्या पुस्तकाने या यंत्रापुढे हार मानावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

अडचण सुरू झाली ती मराठीची.

ॲमेझॉन कंपनीचा पहिला ई-रीडर, किंडल, अमेरिकेत विकायला आला नोव्हेंबर २००७ मध्ये. त्याच्या दुकानात मराठी पुस्तकं रीतसर आली डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर. मराठीत ई-पुस्तकं त्याआधीही होती. बुकगंगा हे ऑनलाइन दुकान ती विकत होतं, ई साहित्य प्रतिष्ठान मोफत वाटत होतं. पण ती बहुतेक संगणकावर किंवा मोबाइलवर वाचण्याजोगी. त्यामुळे ई-इंकच्या पडद्याला साजेसं मराठी पुस्तक तयार करण्याची सवय आपल्याकडे उशिरा लागली. वाचायच्या पुस्तकांची माझी एक वही आहे. त्यातली अलीकडची अनुवादित पुस्तकं आणि खपाच्या कादंबऱ्या सहज मिळाल्या. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे कथासंग्रह, आत्मचरित्रं, प्रवासवर्णनं शोधली तर एक तर मिळालीच नाहीत, किंवा मिळाली ती फक्त एखाद्या दुकानाच्या स्वतःच्या ॲपमध्ये उघडणारी. एका दुकानाचं पुस्तक दुसऱ्याच्या यंत्रावर चालत नाही, हे घेण्याआधी माहीत असावं.

मी विकत घेतलेलं पहिलं मराठी पुस्तक उघडलं. दुसऱ्याच पानावर 'कायर्क्रम' दिसलं. पुढे 'मागर्', 'वषार्त', 'सवर्'. वेलांट्या अक्षराच्या अलीकडे सुटून पडलेल्या, त्यांच्याखाली ठिपक्यांचं वर्तुळ. छापील आवृत्ती वाचनालयात होती, ती काढून ताडून पाहिली. तिच्यात एकही चूक नव्हती. म्हणजे लेखकाने नीट लिहिलं, मुद्रितशोधकाने नीट तपासलं, छापणाऱ्याने नीट छापलं, आणि पुस्तक ई-रीडरवर चढताना बिघडलं.

हे का होतं ते मी समजून घेतलं. आपल्या प्रकाशन व्यवसायात अनेक वर्षं अक्षरजुळणी श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये झाली. त्या काळच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेले असत. अर्धा क एका जागी, काना दुसऱ्या, रफार तिसऱ्या. ते डोळ्यांना दिसतात त्याच क्रमाने टाइप होत: 'कि' लिहायचं तर आधी वेलांटी, मग क, 'कार्य' लिहायचं तर का, मग य, आणि शेवटी त्याच्या डोक्यावर रफार. कागदावर छापायला हे पुरतं. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरांच्या समान पद्धतीत, मात्र क्रम उच्चाराचा असतो. वेलांटी क नंतर येते आणि रफाराचा र् हा य च्या आधी येतो. जुन्या फाइलचं नव्यात रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने हा क्रम नीट फिरवला नाही की 'कार्य'चं 'कायर्' होतं. यात अवघड असं काही नाही. रूपांतरानंतर एका मराठी जाणणाऱ्या माणसाने पुस्तक एकदा वाचून काढलं तर सगळं सापडतं. ते वाचन होत नाही, एवढंच.

चुकांची यादी करून मी दोन प्रकाशकांना कळवलं. यादी करणंही कटकटीचं, कारण त्या ई-पुस्तकांत पान क्रमांक नव्हते. अक्षराचा आकार बदलला की पानांची संख्याच बदलते. एकाने काही महिन्यांनी सुधारलेली प्रत दिली आणि मनापासून आभार मानले. दुसरीकडून काहीच आलं नाही. तरी मी अजून कळवते, आणि प्रत्येक वाचकाने कळवावं असं मला वाटतं.

दिवाळी अंकांचं वेगळंच. पीडीएफमध्ये घेतलेला अंक सहा इंची पडद्यावर उघडला तर आख्खं पान तेवढ्यात मावतं आणि दोन स्तंभांतली अक्षरं मुंगीएवढी होतात. मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते, सरकवायला गेलं की पडदा सावकाश हलतो. यंत्र आडवं धरून अर्धं अर्धं पान वाचता येतं, समास कापून टाकणारी साधनंही आहेत, पण व्यंगचित्रं आणि चित्रमय मुखपृष्ठ करड्या रंगात बघण्यात मन रमत नाही. दिवाळी अंक मी कागदावरच घेते. पीडीएफच वाचायची असेल तर दहा इंची पडदा घ्यावा, किंवा सरळ टॅबलेट.

एवढं सोसून मी ई-रीडर सोडला नाही, याचं कारण आई.

आई संगमेश्वर तालुक्यात आमच्या जुन्या घरी राहते. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी तिचं वाचन थांबत आलं होतं, कारण तिच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग वयामुळे झिजला आहे. यात चष्म्याचा नंबर बदलून उपयोग नसतो. बारीक अक्षराचा मधलाच भाग दिसत नाही, अक्षर मोठं केलं तर ओळखू येतं. ती भिंग घेऊन वाचायची. भिंगाखाली एका वेळी दोन शब्द, हात भरून येई, आणि वाक्याचा धागा सुटे. शेवटी तिने पेपरचे मथळे तेवढे वाचायला घेतले होते. दिवसाला शंभर पानं वाचणारी बाई ही.

गणपतीत गेले तेव्हा माझा ई-रीडर तिच्या हातात दिला आणि अक्षर सर्वांत मोठं केलं. एका ओळीत चार-पाच शब्द, एका पडद्यावर सात-आठ ओळी. तिने पहिला परिच्छेद वाचला, पान उलटलं, आणखी एक वाचला. "अगो, हे पुस्तक इथेच ठेवून जा," म्हणाली. मी ठेवून आले आणि स्वतःला दुसरा घेतला.

मोठ्या अक्षराबरोबर काही गोष्टी तपासाव्या लागतात, त्या सांगते. दोन्ही कडा सरळ ठेवणारी मांडणी असेल तर मोठ्या अक्षरात शब्दांमध्ये भगदाडं पडतात, म्हणून डावी कड सरळ ठेवून उजवी मोकळी सोडायची. आपल्या लिपीत वर मात्रा-रफार आणि खाली उकार येतात, तेव्हा दोन ओळींतलं अंतर वाढवायचं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला चिकटतो. कवितेची किंवा ओवीची ओळ मात्र हमखास मधेच तुटते, त्याला इलाज नाही. आईने पोथी यंत्रावर वाचायला नकार दिला तो या कारणाने नव्हे. पारायणाला ज्ञानेश्वरी व्यासपीठावरच लागते तिला, दिसो वा न दिसो, अर्धी पाठच आहे. तो विषय मी पुन्हा काढला नाही.

तिने आणखी एक गोष्ट पकडली जी माझ्या ध्यानात आली नव्हती. "यातला श हिंदीतला आहे, आणि ल सुद्धा." वर्गात फळ्यावर मुलांना श गिरवून दिलेली तिची नजर. खरंच होतं. शासनाने २००९ मध्ये निर्णय काढून मराठी ल आणि श ची रूपं ठरवून दिली, पण यंत्रातला देवनागरी फॉन्ट दुसऱ्याच वळणाचा होता. ज्या यंत्रात बाहेरचा फॉन्ट टाकता येतो तिथे मराठी रूपं असलेला फॉन्ट टाकावा. आणि तेवढ्याने भागत नाही: पुस्तकाच्या फाइलमध्ये भाषा मराठी अशी नोंदलेली असेल तरच कित्येक फॉन्ट ती रूपं दाखवतात. प्रकाशकाला ही नोंद करायला एक मिनिटही लागत नाही.

कोकणातल्या घरात या यंत्राचे जे फायदे कळले ते ठाण्यात कधी कळले नसते. पावसाळ्यात तिथे वीज जाते ती रात्र रात्र येत नाही. यंत्राला स्वतःचा दिवा आहे आणि चार्जिंग आठवडेच्या आठवडे पुरतं, त्यामुळे काळोखात पावसाचा आवाज ऐकत ती वाचत बसते. आमच्या घरातल्या पुस्तकांचं पावसाने काय केलंय ते मी लहानपणापासून पाहते आहे. दमटपणाने पानांना बुरशी, कसरीने कुरतडलेल्या कडा, आणि एका वर्षी तर कपाटाच्या मागून वाळवी लागून खालचा कप्पाच्या कप्पा गेला. त्यात वडिलांनी पगारातून घेतलेली पुस्तकं होती. ती ई-पुस्तकं असती तर वाचली असती, असं कुणी म्हणेल. तेही पूर्ण खरं नाही. त्याबद्दल पुढे.

नवीन पुस्तकं मी ठाण्याहून पाठवते. यंत्राला स्वतःचा ईमेल पत्ता असतो, त्यावर फाइल पाठवली की शेजारचा पुतण्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून देतो आणि पुस्तक उतरतं. पण पाठवायचं काय, हा प्रश्न होता. तिला हवी ती पुस्तकं दुकानात नव्हती. मग मी स्वतः तयार करायला लागले.

भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. हरिभाऊ आपटे १९१९ मध्ये गेले. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांना मोकळं आहे. अशा लेखकांचं काही साहित्य मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर युनिकोडमध्ये आहे आणि तिथून थेट ई-पबमध्ये, म्हणजे ई-पुस्तकाच्या फाइलमध्ये, उतरवून घेता येतं. जे तिथे नाही त्याची स्कॅन केलेली प्रत इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावर सापडते. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो, त्यातलं अक्षर मोठं होऊन पुढच्या ओळीत जात नाही. त्यावरून संगणकाकडून अक्षरं ओळखून घ्यायची आणि हाताने तपासायची. झिजलेल्या खिळ्यांच्या जुन्या छपाईत घ आणि ध, भ आणि म, ष आणि प यांची अदलाबदल होते, अनुस्वार गळतात. मी रात्री जेवणं झाल्यावर चार-पाच पानं तपासते. मग कॅलिबर या मोफत प्रोग्रॅममध्ये प्रकरणं पाडून, अनुक्रमणिका लावून ई-पब करते. कोविद गोयल या भारतीय माणसाने २००६ मध्ये आपल्या ई-रीडरसाठी हे काम सुरू केलं, आणि आज जगभरचे वाचक त्यावर विसंबून आहेत. त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

जुनं लेखन मी जुनंच ठेवलं: 'नाहीं', 'कांहीं', 'पाहिलें'. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ चे; आईचं प्राथमिक शिक्षण त्याआधीचं. पहिलं पुस्तक वाचल्यावर तिचा फोन आला, "आम्ही शिकलो तसं आहे सगळं." अनुस्वार तपासताना डोळे शिणतात, पण हे ऐकल्यापासून मी एकही गाळलेला नाही.

आता तोटे, जे मला अजून बोचतात.

कागदावर वाचलेलं मला जागेसकट आठवतं. तो संवाद डाव्या पानावर, खालच्या बाजूला, पुस्तक निम्म्याहून कमी झालं असताना. ई-रीडरवर वाचलेल्या कादंबऱ्यांत कोणती घटना आधी आणि कोणती नंतर यात माझा गोंधळ होतो. माझं वय झालं म्हणून असेल असं वाटलं होतं. पण नॉर्वेतल्या ॲन मँगन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, एकच मोठी गोष्ट काहींना किंडलवर आणि काहींना छापील पुस्तकात वाचायला दिली होती. आकलनाच्या बहुतेक कसोट्यांत दोघे सारखे निघाले. घटनांचा क्रम लावण्यात मात्र छापील पुस्तकवाले सरस ठरले. माझ्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळतं. त्यामुळे कथा-कादंबरी मी यंत्रावर निर्धास्त वाचते, पण इतिहास, तत्त्वज्ञान, मागे-पुढे चाळावं लागतं असं काहीही कागदावरच.

शोधण्याची सोय ई-पुस्तकाची मोठी खूबी म्हणतात. मराठीत तीही अर्धीच चालते. 'दुसऱ्या' मधला ऱ्या दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप करता येतो. 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये, त्यामुळे कुणी ते एक अक्षर म्हणून लिहितं, कुणी अ वर चंद्र ठेवून. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. पुस्तकात शब्द आहे हे मला माहीत असतं आणि यंत्र सांगतं, सापडला नाही.

आणि मालकीचं. छापील पुस्तक मी मैत्रिणीला देते, ती बहिणीला देते. ई-पुस्तकाचे पैसे भरले तरी मिळते ती वाचण्याची परवानगी, तीही एका खात्यापुरती. २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांनी नंतर जाहीर माफी मागितली, पण असं करता येतं हे तेव्हा सगळ्यांना कळलं. वाळवीने खाल्लेल्या पुस्तकांच्या जागी ई-पुस्तकं असती तर, याचं माझं उत्तर हे: वडिलांचं खातं वडिलांबरोबर बंद झालं असतं. वाळवीच्या तावडीतून सुटलेली त्यांची मोजकी पुस्तकं, पहिल्या पानावर त्यांची सही आणि तारीख असलेली, आज माझ्याकडे आहेत. म्हणून मी तयार केलेल्या फाइल्स कुलूप नसलेल्या ठेवते, संगणकावर आणि पेन ड्राइव्हवर वेगळ्या जपते, आणि जे विकत घेतलेलं पुस्तक फार आवडतं त्याची छापील प्रतही घेते. दोनदा पैसे जातात. त्यातला काही भाग लेखकापर्यंत पोचतो, त्यामुळे वाईट वाटत नाही.

वाचनालय मी सोडलेलं नाही आणि सोडणारही नाही. न्यू जर्सीत राहणारी माझी भाची गावच्या ग्रंथालयातून किंडलवर इंग्रजी पुस्तकं उसनी घेते. अमेरिकेत ही सोय २०११ पासून आहे. मराठी पुस्तकं अशी घरपोच मिळाली तर संगमेश्वरातल्या खोलीत बसून माझी आई ठाण्याच्या संग्रहालयाची सभासद होऊ शकेल. आमच्या वाचनालयांकडे पुस्तकं आहेत, वाचक आहेत, पण प्रकाशकांशी असा करार करायला पैसा आणि माणसं हवीत. ती उभी करण्यासारखं काम आहे हे.

तोवर प्रकाशकांकडे माझं मागणं छोटं आहे. ई-पुस्तक विक्रीला ठेवण्याआधी ते ई-रीडरवर घ्या. 'मार्ग', 'दुसऱ्या' आणि 'ॲ' हे शोधून पाहा, सापडतात का. भाषा मराठी नोंदली आहे का, ते बघा. मग अक्षर सर्वांत मोठं करा आणि मराठी नीट येणाऱ्या कुणाला तरी मेहनताना देऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला सांगा. निवृत्त शिक्षकांना विचारलंत तर हे काम आनंदाने करणारे पुष्कळ निघतील. एकीचा पत्ता मीही देऊ शकते.